आधी कोणाचा देव संपवायचा?

श्रद्धा माणसातून एक दिवस कायमची जाईल, असं भाकीत करणाऱ्या प्रत्येकाला माझं आवतण आहे. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात या. मुंबई-हावडा लोहमार्गावर गोंदिया सोडलं की आमगाव, सालेकसा आणि मग दरेकसा. पुढं छत्तीसगडची हद्द. दरेकशाहून धनेगाव गाठायचं आणि तिथून जंगलातली चढण धरायची. वर कचारगडची गुहा आहे. यात्रेच्या दिवसांत मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा आणि अर्ध्या विदर्भातून आलेली माणसं ही चढण चढत असतात. म्हाताऱ्या बाया, कडेवर लेकरं घेतलेल्या आया, कॉलेजातली पोरं, पेन्शनीत निघालेले मास्तर. समोरून येणारा ओळखीचा असो नसो, त्याला 'जय सेवा' म्हणायचं आणि पुढं सरकायचं.

ही माणसं कशासाठी येतात ते नीट ऐकून घ्या, कारण भाकीत करणाऱ्यांचं गणित इथंच चुकतं.

गोंडांच्या परंपरेत सांगतात ते असं. कली कंकालीची तेहतीस लेकरं या गुहेत कोंडली गेली होती. तोंडावर भली थोरली शिळा. पारी कुपार लिंगोनं त्यांना सोडवायचं मनावर घेतलं. हिरासुका पाटालीर या वादकानं बाहेर वाद्य छेडलं, त्या सुरांनी आतल्या पोरांच्या अंगात बळ आलं, शिळा हलली, पोरं बाहेर पडली. शिळेखाली हिरासुका मात्र चिरडून मेला. पुढं लिंगोनं त्या पोरांना शिकवलं, कुळं नेमून दिली, कोणाशी सोयरीक जुळते आणि कोणाशी जुळत नाही ते ठरवून दिलं. साडेसातशे कुळं, आणि प्रत्येक कुळाकडं जपायला एक झाड, एक प्राणी, एक पक्षी. आपलं झाड तोडायचं नाही, आपला प्राणी मारायचा नाही.

या कथेत पाऊस पाडणारा, परीक्षेत पास करणारा, कोर्टातला खटला जिंकून देणारा देव कुठं आहे? यात एक कोंडलेली जमात आहे, तिला सोडवणारा शिक्षक आहे आणि तिच्यासाठी जीव देणारा कलावंत आहे. नवस बोलणारेही येत असतील, माणसंच आहेत. पण चढण चढणारा बहुतेक माणूस आपण कोणाचे, हे पाहायला येतो. आपण चार देवांचे की पाच, सहा देवांचे की सात, या हिशेबावर गोंडांच्या घरात आजही सोयरीक ठरते. मेलेला माणूस विधीनंतर कुळाच्या पेनात, म्हणजे पूर्वजांत, मिळतो. अशी श्रद्धा तुम्ही कुठल्या प्रयोगशाळेत खोटी पाडणार? आणि पाडून काय मिळवणार?

आता दुसरी गोष्ट, जी भाकीतवाल्यांना आणखी टोचेल. श्रद्धा जुनी आहे. पण यात्रेचं आजचं रूप जुनं नाही. १९८० च्या दशकात शिकल्यासवरलेल्या काही गोंड तरुणांनी जुन्या गीतांतल्या, कथांतल्या खुणा जुळवत कचारगडला पुन्हा आपलं म्हटलं. त्यात मोतीरावण कंगाली होते. रामटेक तालुक्यातल्या खेड्यातून आलेला हा माणूस नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी करत होता, भाषाविज्ञानाचा अभ्यासक होता, गोंडी भाषेवर आणि गोंडी पुनेमवर, म्हणजे गोंडांच्या धर्मावर, त्यानं जन्मभर लिहिलं. मूळ नाव मोतीराम होतं, ते त्यानं मोतीरावण करून घेतलं. २०१५ साली तो गेला. दिवसभर नोटांचा हिशेब सांभाळणारा, इंग्रजी ग्रंथ पचवलेला, आकडेवारीत मुरलेला माणूस. माणूस शिकला की देव सोडतो, असं आपल्याला शाळेपासून सांगितलं गेलं. इथं माणसं शिकली आणि शिकल्यामुळेच आपल्या देवापर्यंत परत पोहोचली. आईबापांनी लाजून जे लपवलं होतं, ते मुलांनी ग्रंथालयात शोधून काढलं आणि डोंगरावर नेऊन उभं केलं.

ग्रंथालयात ते सापडलं कसं, हेही ऐकण्यासारखं आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४० च्या दशकात नागपूरला आला. आला होता तो इथल्या लोकांना ख्रिस्ताकडं न्यायला. पण अभ्यासू माणूस. गोंडांच्या गाथा गाणाऱ्या परधानांच्या तोंडी असलेली लिंगोची गाथा त्यानं टिपून ठेवली. १८६३ साली ओढ्याच्या पुरात तो बुडून मेला आणि त्याचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापले. त्या गाथेत महादेवानं गुहेत कोंडलेले गोंड आहेत, त्यांना सोडवणारा लिंगो आहे, आणि काचिकोपा लोहागड नावाची जागा आहे. ती जागा म्हणजेच कचारगड, असं गोंड अभ्यासक मानतात. ज्या श्रद्धेची जागा घ्यायला मिशनरी आला, ती श्रद्धा त्याच्याच वहीतून शंभर-सव्वाशे वर्षांनी तिच्या वारसांच्या हाती आली. गाणाऱ्या परधानाचं नाव मात्र त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाही. खरे धन्यवाद त्याला द्यायला हवेत.

भाकितांचा इतिहास तपासा. अँथनी वॉलेस या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञानं १९६६ साली लिहून ठेवलं की अलौकिक शक्तींवरचा विश्वास जगभरात मरणारच आहे. पीटर बर्गर या नावाजलेल्या समाजशास्त्रज्ञानं १९६८ साली सांगितलं की एकविसावं शतक उजाडेपर्यंत श्रद्धाळू माणसं छोट्या छोट्या टोळक्यांपुरती उरतील. बर्गर प्रामाणिक निघाला. १९९९ साली त्यानं स्वतःच पुस्तक संपादून आपलं म्हणणं मागं घेतलं आणि जग पूर्वीइतकंच, काही ठिकाणी पूर्वीपेक्षा जास्त धार्मिक आहे असं कबूल केलं. आपल्याकडचे भाकीतवाले अजून १९६८ सालीच उभे आहेत.

ज्यांनी वाट पाहिली नाही, बंदूक हातात घेतली, त्यांचं काय झालं? सोव्हिएत रशियानं १९२५ पासून नास्तिकतेच्या प्रचारासाठी संघटनाच उभी केली होती. चर्च पाडली, पाद्री मारले. मग १९३७ च्या जनगणनेत स्टॅलिनच्या राजवटीनं धर्माचा प्रश्न घातला. मनातला हेतू स्पष्ट होता: बघा, धर्म संपला. स्टॅलिनचा दहशतीचा काळ, दारात सरकारी माणूस, उत्तर दिलं तर काय होईल याची खात्री नाही; आणि तरीही निम्म्याहून जास्त प्रौढांनी तोंडावर सांगितलं, आम्ही देव मानतो. सरकारनं काय केलं? जनगणनाच रद्द केली आणि ती करणाऱ्या अधिकाऱ्यांना तुरुंगात टाकलं. अल्बानियानं १९६७ साली देशातून धर्मच हद्दपार केल्याचं जाहीर केलं. १९९० साली बंदी उठली आणि मशिदी, चर्च पुन्हा उघडली.

इतक्या लांबही जायला नको. ज्या डोंगररांगेत कचारगड आहे, त्याच डोंगरात अनेक वर्षं माओवाद्यांचं दरेकसा दलम फिरत होतं. धर्म म्हणजे अफू, असं मानणारी ही विचारधारा. तिच्याकडं बंदुका होत्या, जंगलाची खडान्‌खडा माहिती होती, आदिवासींच्या नावानं बोलण्याचा दावा होता. त्या दलमातल्या कित्येकांनी शस्त्रं खाली ठेवली, कित्येक मारले गेले. त्यात गोंड घरांतलीच पोरं होती, याचं मला वाईट वाटतं. पण त्या सगळ्या वर्षांत दर माघात पायथ्यापासून गुहेपर्यंत 'जय सेवा' घुमत राहिलं. जमातीला सोडवायला निघालेल्या दोघांपैकी लोकांनी वाद्य वाजवणाऱ्याला जवळ केलं.

मग श्रद्धा कधीच हलत नाही, असं माझं म्हणणं आहे का? अजिबात नाही. गोंदिया जिल्ह्यात गेल्या सत्तर वर्षांत लोकांनी जेवढे देव घराबाहेर काढले, तेवढे पुण्या-मुंबईच्या एकाही व्याख्यानमालेनं काढले नसतील.

हा जिल्हा १ मे १९९९ पर्यंत भंडाऱ्यात होता. याच भंडाऱ्यानं १९५४ च्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पाडलं. आपल्या इतिहासातली ही लाजिरवाणी नोंद आहे आणि ती मी दरवेळी काढणार. त्यानंतर दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, याच भागातली माणसं नागपूरला गेली, बाबासाहेबांसोबत बौद्ध झाली, बावीस प्रतिज्ञा घेऊन आली आणि घरातले देव नदीत, तळ्यात सोडले. ब्रह्मा-विष्णू-महेशाला मानणार नाही, असं शपथेवर सांगणारी एवढी मोठी गर्दी जगात कुठं जमली होती? देव गेले. श्रद्धा गेली का? आज अर्जुनी मोरगावपासून तिरोड्यापर्यंत फिरा. गावोगाव विहार आहे, बुद्धपौर्णिमा आहे, पांढऱ्या साडीतल्या बाया वंदना म्हणत आहेत. बुद्ध देव नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे आणि तरी त्यांच्या आवाजात जे आहे त्याला श्रद्धेशिवाय दुसरं नाव नाही.

इथं एक हिशेब मांडतो. गरीब माणूस पोटासाठी धर्म बदलतो, असं म्हणायची आपल्याकडं फार सवय आहे. बौद्ध झालेल्यांना केंद्र सरकारच्या अनुसूचित जातीच्या सवलती कायद्यानं मिळायला १९९० साल उजाडलं. १९५६ ते १९९०, चौतीस वर्षं. तितकी वर्षं कागदावर जुना धर्म लिहिला असता तर केंद्राची नोकरी होती, शिष्यवृत्ती होती. कित्येकांनी 'बौद्ध' असंच लिहिलं आणि नुकसान सोसलं. पोटासाठी धर्म बदलला म्हणणाऱ्यानं आधी आपण आपल्या श्रद्धेसाठी काय गमावलं ते सांगावं.

तिसरा दाखलाही याच मातीतला. नागपूरच्या बाबा जुमदेवजींनी (१९२१-१९९६) उभी केलेली परमात्मा एक सेवकांची चळवळ भंडारा-गोंदियाच्या खेड्यांत खोलवर गेली आहे. सेवक झालेल्या घरात मूर्ती राहत नाहीत. मांत्रिकाकडं जाणं बंद, दारू बंद, जुगार बंद, कोंबडा-बोकडाचा नैवेद्य बंद. एकच परमेश्वर, आणि त्याला रूप नाही. ज्या घरात नवरा दारू सोडतो, त्या घरातल्या बाईला जाऊन विचारा की श्रद्धा संपावी का. ती तुम्हाला दारातून परत पाठवील. या चळवळीतल्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असं नाही. दुखणं आलं की आधी डॉक्टर, मग प्रार्थना, यावर मी ठाम आहे. पण गावातली दारू उतरवण्याचं काम सरकारी योजनांपेक्षा या श्रद्धेनं अधिक केलं, हे मला दिसतं आणि ते मी लिहिणार.



तर या जिल्ह्यानं दाखवलेलं सत्य साधं आहे. देव जातात, येतात, बदलतात, निराकार होतात, माणसाच्या रूपात येतात. श्रद्धा मात्र मुक्काम बदलते, मरत नाही. का मरत नाही? कारण तिची मुळं दोन आहेत आणि भाकीत करणाऱ्यांना त्यातलं एकच दिसतं.

एक मूळ भीतीचं. ते सुकू शकतं, सुकायलाच हवं. रोनाल्ड इंगलहार्ट आणि पिप्पा नॉरिस या अभ्यासकांनी २००४ साली देशोदेशींची पाहणी मांडून दाखवलं की जिथं दवाखाना आहे, पेन्शन आहे, उद्याची खात्री आहे, तिथं देवळाकडं जाणारी पावलं कमी होतात. उत्तर युरोपात तेच झालं. प्यू या संस्थेच्या हिशेबानुसार २०२० साली जगातली जवळपास एक चतुर्थांश माणसं स्वतःला कुठल्याच धर्माची म्हणवत नव्हती आणि आधीच्या दहा वर्षांत हा हिस्सा वाढला होता. त्यात चीनचा वाटा मोठा आहे हे खरं, पण आकडा नाकारता येत नाही. भारतात त्याच संस्थेनं केलेल्या आणि २०२१ साली छापलेल्या पाहणीत ९७ टक्के लोकांनी देव मानतो असं सांगितलं. या दोन आकड्यांमधलं अंतर बुद्धीचं आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी रोवणीच्या दिवसांत आमच्याकडं यावं.

आषाढ-श्रावणात बाया दिवसभर वाकून, चिखलात पाय रोवून धानाची रोवणी करतात. बांधात साप असतो. पाऊस आठ दिवस लांबला तर मामा तलावाच्या, म्हणजे माजी मालगुजारी तलावाच्या, पाण्यावर भांडणं होतात आणि पंधरा दिवस लांबला तर कर्ज. या पट्ट्यात सिकलसेल आहे, मलेरिया आहे. साप चावला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नसेल, रुग्णवाहिका वेळेत येणार नसेल, तर माणूस मांत्रिकाकडं पळतो. त्याला अडाणी म्हणणं सोपं आहे. डॉक्टरची जागा भरणं अवघड आहे, म्हणून पहिलंच काम जास्त होतं.

अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना श्रद्धा आणि भीतीवरचा धंदा यांतला फरक कळत होता. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा मिळाला. तो वाचून बघा. त्यात देव मानायला बंदी नाही, पूजेला नाही, वारीला नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्र-तंत्र करण्याला बंदी आहे. नरबळीला आहे, अंगात आल्याचं सांगून लुबाडण्याला आहे, कोणाला करणी करणारी ठरवून मारहाण करण्याला आहे. माणसाच्या भीतीवर धंदा करणाऱ्याला पकडायचं, आणि श्रद्धेला हात लावायचा नाही. हा कायदा गोंदियातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत हवा. ज्यांनी त्याला धर्मबुडवा कायदा म्हणून विरोध केला, त्यांना श्रद्धेची काळजी नव्हती. त्यांना दुकानाची काळजी होती.

दुसरं मूळ आहे नात्याचं. मेलेल्यांशी नातं, कुळाशी नातं, झाडाशी, डोंगराशी नातं. दवाखाना बांधला, पेन्शन दिली, गावात इंटरनेट आलं, म्हणून हे मूळ सुकत नाही. उलट कचारगडच्या यात्रेची हाक आता मोबाइलवरून जाते. रिझर्व्ह बँकेचा पगार घेणाऱ्या कंगालींना कसली भीती होती? त्यांना आपल्या पूर्वजांची लाज वाटेनाशी करायची होती. ज्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं की तुझा देव म्हणजे दगड, तुझी भाषा म्हणजे बोली, तुझी कथा म्हणजे गप्पा, त्याच्यासाठी डोंगरावर चढून आपलं कूळ मोठ्यानं सांगणं ही ताठ मानेची गोष्ट आहे. तुम्ही त्याला म्हणता, श्रद्धा सोड. तो विचारतो, आधी कोणी सोडायची?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. श्रद्धा संपेल का, अशी चर्चा ज्यांच्यात चालते त्यांचा स्वतःचा धर्म कुठल्याही सरकारी कागदावर सुरक्षित असतो. त्याला क्रमांक असतो. २०११ च्या जनगणनेच्या अर्जात सहा धर्मांना क्रमांक होते: हिंदू, मुस्लीम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, जैन. बाकीच्यांनी नाव लिहून द्यायचं. इंग्रजांच्या काळात आदिवासींच्या श्रद्धेसाठी कधी या तर कधी त्या नावाचा वेगळा रकाना असायचा. नावं अपमानकारक होती, पण रकाना होता. स्वातंत्र्यानंतर तोही गेला. म्हणजे ज्यांची श्रद्धा खरोखर संपवली गेली, कागदावर तरी, ते हेच लोक. विज्ञानानं नाही संपवली. कारकुनी खाक्यानं संपवली.

तरीही २०११ साली देशभरात दहा लाखांहून जास्त लोकांनी धर्म 'गोंडी' असा लिहून दिला. झारखंडकडच्या आदिवासींचा सरना धर्म लिहिणारे तर एकोणपन्नास लाखांच्या वर गेले. क्रमांक नसताना, कोणी विचारत नसताना, स्वतःहून सांगून. झारखंडच्या विधानसभेनं नोव्हेंबर २०२० मध्ये सरनासाठी वेगळ्या संकेतांकाचा ठराव केला. महाराष्ट्राच्या विधानसभेनं गोंडांसाठी असं काही का करू नये? २०११ च्या मोजणीत गोंदिया जिल्ह्याच्या सव्वातेरा लाखांच्या आसपासच्या लोकसंख्येत सोळा टक्के आदिवासी होते. मतं मागायला कचारगडला जाणारे नेते सगळ्या पक्षांत आहेत. पिवळा दुपट्टा गळ्यात घालून 'जय सेवा' म्हणायला त्यांना जमतं. सभागृहात उठून एक ठराव मांडायला का जमत नाही?

आणि सगळे आदिवासी अमुक धर्माचेच, हे ठरवल्याशिवाय ज्यांचं पोट भरत नाही, अशांना एवढंच सांगायचं आहे. तुम्ही त्यांच्यासाठी उत्तर लिहू नका. कोणी म्हणेल मी गोंडी, कोणी म्हणेल मी हिंदू, कोणी ख्रिस्ती, कोणी बौद्ध. एकाच घरात दोन उत्तरं असतील. असू देत. ते घर त्यांचं आहे.

नास्तिकांचंही याच रांगेत नाव घ्यायला हवं, आणि मी ते आदरानं घेतो. २०११ ला देशात ३३,३०४ माणसांनी आपण नास्तिक असल्याची नोंद केली. त्यांतले ९,६५२ एकट्या महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. आगरकर, र. धों. कर्वे, दाभोलकर यांची ही भूमी आहे, आकडा शोभतो. त्या नास्तिकांनाही अर्जात क्रमांक नव्हता. सरकारी तक्त्यात त्यांची गणती 'इतर धर्म आणि पंथ' या मथळ्याखाली झाली, त्याच यादीत जिथं गोंडीही आहे. देव न मानणारा आणि पेन मानणारा, दोघांनाही सरकारनं 'इतर' म्हणून एकाच खणात टाकलं. मला तर वाटतं या दोघांनी मिळून मोर्चा काढावा. दोघांची मागणी एकच आहे: मी काय मानतो ते मी सांगेन.

पुढची जनगणना समोर आहे. लोकगणनेचा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये व्हायचा आहे आणि १ मार्च २०२७ ही मोजणीची तारीख ठरली आहे. कॅलेंडर काढून बघा. त्या वर्षी माघ पौर्णिमा फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात येते. म्हणजे सालेकसा, देवरी, आमगाव तालुक्यांतल्या आदिवासी गावांत प्रगणक दार वाजवील तेव्हा घरातली अर्धी माणसं कचारगडच्या वाटेवर असतील. घरी राहिलेल्या म्हातारीला विचारून, किंवा न विचारताच, धर्माच्या रकान्यात सवयीनं जे लिहिलं जातं ते लिहून मोकळं होणं फार सोपं जाईल.

जिल्हाधिकाऱ्यांना विनंती आहे की कचारगडची यात्रा आणि गणनेचं वेळापत्रक आतापासून समोरासमोर ठेवून या गावांची फेरी यात्रेच्या आधी किंवा नंतर लावावी, आणि शक्य असेल तिथं गोंडी बोलणारे प्रगणक नेमावेत. आमच्या गुरुजींना, बाईंना, ज्यांच्या खांद्यावर हे काम येतं, त्यांना हात जोडून सांगणं आहे: घरोघरी प्रश्न मोठ्यानं वाचा, उत्तर पूर्ण ऐकून घ्या, सांगितलेलं नाव जसंच्या तसं नोंदवा आणि नोंदवलेलं त्या माणसाला वाचून दाखवा.